हलकारा, तारबाबू आणि हातांतलें यंत्र

बुलढाणा हें जिल्ह्याचें ठाणें घाटमाथ्यावर वसलेलें आहे, आणि त्या ठाण्यापर्यंत आगगाडी अद्याप पोंचलेली नाहीं. मुंबईहून नागपुराकडे जाणारा लोहमार्ग घाटाखालच्या सपाट मुलखांतून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव अशीं स्थानकें घेत निघून जातो. घाटावरच्या बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगांव राजा या गांवांना त्याचें दर्शन घडत नाहीं. त्यामुळें पत्र असो, पार्सल असो वा प्रवासी असो, त्याचा शेवटचा टप्पा या जिल्ह्यांत कोणाच्या तरी पायांवर, बैलाच्या खांद्यावर किंवा मोटारीच्या चाकांवर पार पडत आला आहे. दळणवळणाच्या साधनांत क्रांति झाली म्हणजे तो शेवटचा टप्पा चालणाऱ्या माणसाचें काय होतें, हा प्रश्न पुष्कळांना संगणकाच्या युगांतला, म्हणजे अगदीं आजचा वाटतो. परंतु या एका जिल्ह्यापुरतें पाहिलें तरी तो दीडशें वर्षांहून जुना आहे, आणि जुन्या अनुभवाचा दिवा हातीं घेतला तर आजची वाट थोडी अधिक स्पष्ट दिसते.

इंग्रजी अंमलापूर्वीं राजकारणाचीं पत्रें जासूद, हलकारे आणि सांडणीस्वार नेत असत. तीं पत्रें दरबाराचीं, सरदारांचीं आणि सावकारांचीं. सामान्य कुणब्याला टपाल म्हणून कांहीं वस्तु जगांत आहे याची खबरहि नसे. त्याचा निरोप बाजाराला जाणाऱ्या शेजाऱ्याच्या तोंडीं किंवा माहेरीं निघालेल्या लेकीच्या पदरीं जाई. १८५३ च्या तहानें निजामाकडील वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आला, आणि १८५४ मध्यें हिंदुस्थानांत टपालाचा नवा कायदा होऊन सर्व देशाला एकच तिकीट लागू झालें. अंतर कितीहि असो, वजनाप्रमाणें एकच हंशील, ही कल्पना त्या काळीं नवी होती. तिनें पत्र गरिबाच्या आंवाक्यांत आणलें; पण तें पत्र नेणारा माणूस मात्र पूर्वींचाच राहिला. खांद्यावर थैली, हातांत घुंगरें लावलेली काठी किंवा भाला, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत धांव. तेथें दुसरा हलकारा थैली घेण्यास उभा. घुंगरांचा आवाज रानांतल्या श्वापदांना दूर ठेवी आणि पुढच्या चौकीवरच्या माणसाला जागें करी. त्या काठीचें महत्त्व ध्यानांत घेण्यासारखें आहे. तीच त्या काळची घड्याळ आणि तीच सूचना देणारी घंटा होती.

मालाच्या वाहतुकीचा धंदा तेव्हां मुख्यत्वें बंजाऱ्यांच्या हातांत होता. शेंकडों बैलांच्या पाठीवर गोण्या लादून त्यांचे तांडे धान्य, मीठ आणि कापूस देशभर हिंडवीत. कोणत्या घाटांत पाणी आहे, कोणत्या नदीला कोठें उतार आहे, कोणत्या गांवीं चारा मिळेल, ही सगळी विद्या त्यांच्या स्मरणांत होती. ती विद्या कोणी कागदावर उतरवून घेतली नाहीं, कारण तशी गरज कोणास भासली नाहीं.

१८६७ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा रस्ता नागपूरपर्यंत पोंचला. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटल्यामुळें लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला होता, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साऱ्या इंग्लंडचे डोळे लागले होते. युद्ध संपलें तरी ते डोळे हटले नाहींत. १८७० सालीं जलंबपासून खामगांवपर्यंत सुमारें आठ मैलांची शाखा बांधून झाली आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. खामगांव तेव्हां अकोला जिल्ह्यांत मोडत असे. १९०५ च्या फेररचनेंत तें बुलढाणा जिल्ह्यास जोडलें गेलें. आठ मैलांच्या रुळांसाठीं व्हाइसरॉयनें एवढा प्रवास करावा, याचें कारण त्या रुळांच्या शेवटीं असलेला कापसाचा बाजार हें होय. त्याच्या आदल्याच वर्षीं, १८६९ मध्यें, सुएझचा कालवा खुला झाला होता. आणि १८७० मध्येंच मुंबई, एडन व सुएझ यांना जोडणारी समुद्राखालची तार चालू झाली. रूळ, कालवा आणि तार हीं तीन साधनें एकाच सुमारास एकत्र आलीं, आणि लिव्हरपुलांतला व्यापारी आपल्या पेढीवर बसून वऱ्हाडांतील कापसाची मागणी तारेनें नोंदवूं लागला.

या घटनेचा अर्थ तत्कालीन माणसाला पुरता उमगला असेल असें वाटत नाहीं. तार येण्यापूर्वीं भावाची बातमी माणसाच्या चालीनें येई, आणि ज्याच्याकडे ती आधीं येई तो दलाल श्रीमंत होई. तार आल्यावर बातमी वीजेच्या वेगानें येऊं लागली. त्यामुळें पूर्वींच्या दलालाची मिरास गेली हें खरें. परंतु ज्या शेतकऱ्याला तारेची लिपि कळत नव्हती आणि तारघराची पायरी चढण्याचें धैर्य होत नव्हतें, त्याच्या हातीं त्या वेगांतलें कांहीं आलें नाहीं. त्याच्या कापसाचा भाव मात्र आतां समुद्रापलीकडे ठरूं लागला. वेग वाढला म्हणजे सर्वांचाच सारखा लाभ होतो असें नाहीं. त्या वेगाची किल्ली कोणाच्या हातांत आहे, यावर सारें अवलंबून असतें.

बंजाऱ्यांची गोष्ट याहून कठोर आहे. लोहमार्ग आणि पक्क्या सडका होतांच लदीच्या बैलांचा धंदा बसला. घाटांची, उतारांची आणि चाऱ्याची ती विद्या एका पिढींत निरुपयोगी ठरली. कित्येक तांडे जेथें होते तेथेंच स्थिरावले. मेहकर-लोणारकडे आजहि ‘तांडा’ या नांवाच्या वस्त्या दिसतात त्या याच इतिहासाच्या खुणा होत. कोणी शेतमजूर झाले, कोणी मिळेल ती जमीन कसूं लागले. त्याच वेळीं गाडीवानांची मात्र चलती झाली. कापूस खेड्यांतून खामगांव, नांदुरा, मलकापूर, शेगांव येथील बाजारांत आणण्यास बैलगाडी हवीच होती. सरकी काढणारे, गठ्ठे बांधणारे, मापारी, हमाल, सांधेवाले, तारबाबू अशीं नवीं कामें निर्माण झालीं. एकूण हिशेब मांडला तर कामें वाढलीं असें कोणी म्हणेल. पण इतिहास माणसें मोजतांना एकूण बेरजेवर समाधान मानूं शकत नाहीं. ज्याचें काम गेलें त्यालाच नवें काम मिळालें असें झालें नाहीं, आणि मधल्या काळाची झीज त्या एका समाजानें एकट्यानें सोसली.

यानंतर टपालाचा विस्तार झपाट्यानें झाला. १८७९ मध्यें पाव आण्याचें कार्ड निघालें. १८८० पासून मनिऑर्डर पोस्टाकडे आली आणि १८८२ पासून पोस्टाची बचत बँक चालूं झाली. लहान गांवांत शाळामास्तरच पोस्टमास्तर असे. सकाळीं तो मुलांना उजळणी म्हणावयास लावी आणि दुपारीं त्याच ओट्यावर बसून तिकिटें विकी. पोस्टमन हा केवळ कागद पोंचविणारा नव्हता. ज्या घरांत वाचतां येणारें कोणी नसे तेथें तोच पत्र वाचून दाखवी, तोच उत्तर लिहून देई, आणि मनिऑर्डरीवर अंगठा घेतांना साक्षीदारहि तोच मिळवी. कोणाच्या घरीं काय चाललें आहे हें त्याला ठाऊक असे, आणि तें पोटांत ठेवणें हा त्याच्या धंद्याचा अलिखित धर्म होता. तारेची तर गोष्टच निराळी. तार आली म्हणजे लिफाफा फोडण्यापूर्वींच घरांत रडारड सुरू होई. म्हणून समंजस तारवाला दारांतूनच ‘बातमी बरी आहे’ असें ओरडून सांगे. हें वाक्य कोणत्याहि नियमपुस्तकांत नव्हतें.

आगगाडीच्या टपालडब्यांत बसून चालत्या गाडींत पत्रें वेगळीं करणारे कर्मचारी हा आणखी एक वर्ग. समोर लहान लहान कप्प्यांची मांडणी, हातांत पत्रांचा गठ्ठा, आणि पुढचें स्टेशन येण्यापूर्वीं सारा गठ्ठा संपविण्याची निकड. कोणतें गांव कोणत्या टपालकचेरीखालीं आणि कोणत्या स्टेशनावर उतरावयाचें, हें सर्व तोंडपाठ असावें लागे. या जिल्ह्याचेंच उदाहरण घ्यावें. पिंपळगांव राजा, पिंपळगांव काळे आणि पिंपळगांव देवी अशीं तीन पिंपळगांवें एकट्या बुलढाणा जिल्ह्यांत आहेत. महाराष्ट्रांतलीं बाकीचीं पिंपळगांवें वेगळीं. मलकापूर येथें आहे, तसें कोल्हापुराकडेहि आहे. सिंदखेड राजा बुलढाण्यांत, तर शिंदखेडें धुळें जिल्ह्यांत. ‘मु. पो. जळगांव’ एवढेंच लिहिलेलें पत्र खानदेशांत टाकावयाचें कीं जामोदकडे, हें ठरविण्यास पत्र कोठून निघालें, आडनांव कोणतें, अक्षर कोणत्या लिपींतलें, असा सारा विचार क्षणांत करावा लागे.

हा घोटाळा मिटविण्यासाठीं १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सहा आंकडी पिनकोड चालूं झाला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यांतील मोठे अधिकारी, आणि संस्कृत कवि म्हणूनहि प्रसिद्ध. पहिला आंकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा छाननी-जिल्ह्याचा, आणि शेवटचे तीन त्या टपालकचेरीचे. बुलढाण्याला ४४३००१ मिळाला, तर खामगांवाला ४४४३०३. जें ज्ञान छाननी करणाऱ्याच्या डोक्यांत होतें तें अशा रीतीनें आंकड्यांत उतरलें. त्या वेळीं देशांतल्या टपालकचेऱ्यांत संगणकाचें नांवहि नव्हतें. परंतु पत्ता आंकड्यांत आला तेव्हांच यंत्राला तो वाचतां येण्याची सोय झाली. पुढचें स्थित्यंतर खऱ्या अर्थानें येथूनच सुरू होतें. बंजाऱ्याच्या डोक्यांतली विद्या कोणी लिहून घेतली नाहीं म्हणून ती नाहींशी झाली. छाननीवाल्याची विद्या लिहून घेतली गेली म्हणून ती सर्वांची झाली. दोन्ही वेळां त्या माणसाची बाजारांतली किंमत मात्र उतरली.

सडकेवरच्या वाहतुकीचा इतिहास याला समांतर आहे. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर अशी पहिली एस. टी. धांवली, तेव्हां बुलढाणा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडांत होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत विदर्भ मुंबई राज्यांत आला, तेथील सार्वजनिक मोटारवाहतूकहि त्यांत सामील झाली, आणि १९६१ सालीं महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झालें. बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगांव, मलकापूर, शेगांव आणि जळगांव जामोद येथें आगारें झालीं. राजूरचा घाट चढून येणाऱ्या लाल गाडीच्या टपावर पार्सलें आणि आंत टपालाच्या थैल्या, हें दृश्य घाटावरच्या पिढ्यांनीं पाहिलें आहे. तिकिटांच्या गड्ड्यांची पेटी आणि पंच हीं कंडक्टरचीं आयुधें. पंचाची टकटक ऐकून झोपलेला प्रवासी सुट्या पैशांसाठीं कनवटीला हात घाली. मुक्कामी गाडी खेड्यांत पोंचली म्हणजे कंदिलाच्या उजेडांत प्रत्येक दराच्या तिकिटाचे क्रमांक मांडून रोकड जुळविणें हें कंडक्टरचें रात्रीचें काम होतें. एक तिकीट चुकलें तरी खुलासा द्यावा लागे.

या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस तिकीट छापणारें यंत्र कंडक्टरच्या गळ्यांत आलें, आणि अलीकडच्या वर्षांत मोबाइलवरून पैसे स्वीकारणारें नवें यंत्र त्याच्या जागीं आलें. रात्रीची आंकडेमोड संपली. सुट्या पैशांवरून होणारी हुज्जत पुष्कळ कमी झाली. आगारांत बसून वे-बिलें तपासणाऱ्या कारकुनांचें काम आटलें, कारण हिशेब यंत्रच देतें. तथापि गाडी कोठें थांबवावयाची, म्हाताऱ्या बाईला हात देऊन कसें चढवावयाचें, शाळेच्या पोरांचा लोंढा कसा सांवरावयाचा, हें यंत्र करीत नाहीं. कंडक्टरच्या कामांतला हिशेबाचा भाग गेला आणि माणसें सांभाळण्याचा भाग उरला. पूर्वीं पगार हिशेबाबद्दल आहे अशी समजूत होती. आतां तो माणसें सांभाळण्याबद्दल आहे हें मान्य करावें लागेल. नाहीं तर कंडक्टरवांचूनहि गाडी चालेल असा निष्कर्ष कोणी तरी काढील.

आगगाडीचीहि हीच कथा. पूर्वीं स्टेशनाच्या टोकांना असलेल्या केबिनींत लोखंडी दांडे ओढून सांधे आणि हात बदलीत. तें अंगमेहनतीचें आणि जागरणाचें काम होतें. आतां तेंच काम स्टेशनमास्तरच्या समोरच्या पडद्यावर होतें. संगणकावरची आरक्षणाची पद्धति दिल्लींत १९८० नंतरच्या दशकांत सुरू झाली, आणि २००२ पासून घरबसल्या तिकीट काढतां येऊं लागलें. शेगांवला श्रीगजानन महाराजांच्या दर्शनास येणारा यात्रेकरू आतां खिडकीसमोर रांग न लावतां तिकीट घेऊन निघतो. ज्याला मोबाइल हाताळतां येत नाहीं तो मात्र दुकानांत बसलेल्या मुलाला चार पैसे देऊन तेंच काम करून घेतो. पत्र वाचून दाखविणाऱ्या पोस्टमनची जागा अशा रीतीनें त्या दुकानदारानें घेतली आहे. फरक इतकाच कीं पोस्टमन त्याबद्दल कांहीं घेत नसे.

टपालाकडे पुन्हां वळल्यास सर्वांत मोठा बदल तेथें दिसतो. १५ जुलै २०१३ पासून तारसेवा बंद झाली. ज्या तारेनें खामगांवचा बाजार लिव्हरपूलला जोडला होता तिचा शेवट मोबाइलवरच्या फुकट संदेशानें केला. टपालकचेऱ्यांत संगणक आले आणि डिसेंबर २०१७ मध्यें ‘दर्पण’ नांवाची योजना जाहीर होऊन देशांतील सुमारें १ लक्ष २९ हजार ग्रामीण शाखाडाकघरांना हातांत मावणारीं यंत्रें देण्याचें ठरलें. १ सप्टेंबर २०१८ रोजीं टपाल खात्याची पेमेंट्स बँक सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्यें सर्व डाकघरें नव्या संगणकप्रणालीवर आणण्यांत आलीं, आणि त्याच वर्षीं रजिस्टर टपाल हें स्पीड पोस्टांत विलीन झालें. घरच्या खुशालीचें पत्र जवळजवळ नाहींसें झालें. त्याच्या जागीं बँकेचें कार्ड, न्यायालयाची नोटीस, परीक्षेचें बोलावणें आणि दुकानाविना घेतलेल्या मालाचें पुडकें आलें.

खेड्यांत हें सारें चालविणारा माणूस म्हणजे ग्रामीण डाकसेवक. जुन्या शाळामास्तर-पोस्टमास्तराचा तो वारस. त्याची नेमणूक दिवसांतल्या चार-पांच तासांपुरती असते, आणि नियमित नोकरांच्या वेतनश्रेणींत त्याची गणना होत नाहीं. पूर्वीं त्याला रजिस्टर लिहितां आलें आणि गांवाचा विश्वास असला म्हणजे पुरे. आतां त्याच्या हातांतल्या यंत्रावर बँकेचें खातें उघडतें, विम्याचा हप्ता भरला जातो, आणि निराधार योजनेचें अनुदान खात्यांतून काढून म्हातारीच्या दारांत तिच्या हातावर ठेवतां येतें. जिला पूर्वीं चार-सहा कोस चालून तालुक्याच्या बँकेंत जावें लागे तिला हें वरदान आहे, यांत संशय नाहीं. तसेंच ही नेमणूक आतां दहावीच्या गुणांवरून, संगणकानें लावलेल्या यादीनुसार होते. ओळखीपाळखीची वाट त्यामुळें बंद झाली. मात्र दूरच्या जिल्ह्यांतला तरुण येथें येतो आणि गांव त्याला ओळखत नाहीं, तो गांवाला ओळखत नाहीं, असेंहि घडूं शकतें.

अडचण यंत्र अडलें म्हणजे कळते. कापूस वेंचून, खुरपून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांचा ठसा यंत्र ओळखत नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याशीं, संग्रामपूर-जळगांव जामोदच्या डोंगराळ भागांत मोबाइलची लहर कोठें असते, कोठें नसते. पैसे खात्यांत आहेत, यंत्र हातांत आहे, डाकसेवक दारांत उभा आहे, आणि तरीहि पैसे मिळत नाहींत, असा प्रसंग येतो. यंत्राला कोणी बोल लावीत नाहीं. बोल लावतात तो समोर उभ्या असलेल्या माणसाला. पूर्वींच्या हलकाऱ्याला पूर आला, वाघ दिसला, तर उशीर माफ होता. ती आपत्ति सर्वांना दिसत असे. आजच्या आपत्ती डोळ्यांना दिसत नाहींत, म्हणून त्यांची माफीहि सहज मिळत नाहीं.

या सर्व इतिहासांतून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, साधनें बदललीं म्हणून शेवटचा टप्पा चालणारा माणूस या जिल्ह्यांत कधींहि अनावश्यक झाला नाहीं. लोहमार्ग आला तेव्हां गाडीवान लागला, तार आली तेव्हां तारवाला लागला, आणि सारा व्यवहार अदृश्य लहरींवर गेला तरी म्हातारीच्या दारांत उभा राहणारा कोणी तरी लागतोच. दुसरी गोष्ट ही कीं, त्याचें काम दर वेळीं बदललें, आणि तो बदल पेलण्याचें ओझें बहुधा त्याच्यावरच पडलें. बंजाऱ्यांच्या वेळीं त्यांना नवी विद्या शिकविण्याची, मधल्या काळांत सांभाळून घेण्याची जबाबदारी कोणीहि उचलली नाहीं, आणि त्याचे परिणाम पुढच्या कित्येक पिढ्यांना भोगावे लागले. आजच्या डाकसेवकाला यंत्र दिलें आहे. त्याबरोबर पुरेसें शिक्षण, कामाच्या प्रमाणांत मोबदला, आणि यंत्र अडल्यास दोष कोणाचा याचा स्पष्ट नियम, या तीन गोष्टी मिळाल्या तर मागची चूक पुन्हां घडणार नाहीं.

हलकाऱ्याची काठी आतां संग्रहालयांत पाहावयास मिळते. तिच्या घुंगरांचा आवाज आला म्हणजे वाटेवरचे लोक बाजूस होत आणि पुढच्या चौकीवरचा माणूस कंबर बांधून उभा राही. एक माणूस ओझें घेऊन येत आहे, त्याला पुढें जावयाचें आहे, एवढें त्या आवाजावरून सर्वांना कळे. मेहकरच्या रस्त्यावरून दुचाकीवर जाणाऱ्या डाकसेवकाच्या यंत्राला घुंगरें नाहींत. त्याचें ओझें मात्र हलकाऱ्याच्या थैलीहून हलकें झालेलें नाहीं.